पहिलाच स्मार्टफोन : सुरुवात कशी करावी आणि कोणती ॲप्स ठेवावीत?

प्रश्न : एक निवृत्त टपाल कर्मचारी, महाल

नमस्कार. मी टपाल खात्यातून निवृत्त झाले असून नागपुरात महाल भागात राहते. आजवर बटणांचा साधा मोबाइल वापरत होते. गेल्या महिन्यात मुलाने पुण्याहून येताना नवा अँड्रॉइड फोन आणून दिला, दोन दिवसांत शिकवता येईल तेवढे शिकवले आणि तो परत गेला. त्यानंतर भाच्याने आपल्या आवडीची पंचवीस-तीस ॲप्स त्यात टाकून दिली. आता फोन उघडला की स्क्रीनभर चित्रेच चित्रे दिसतात, दर थोड्या वेळाने कसली तरी सूचना वाजते आणि 'परवानगी द्या' असे विचारले गेल्यावर होकार कोठे द्यावा व कोठे देऊ नये, हे समजत नाही.

माझी गरज मर्यादित आहे. मुलाशी व नातीशी व्हिडिओवर बोलणे, विजेचे बिल भरणे, सुभाषनगरला बहिणीकडे जाताना मेट्रोचे तिकीट काढणे, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देणे आणि मराठीत लिहिणे-वाचणे, एवढी कामे मला कोणावर अवलंबून न राहता करता यावीत अशी इच्छा आहे. पैशाच्या व्यवहाराची मात्र भीती वाटते, कारण आमच्याच वाड्यातील एका गृहस्थांची मोबाइलवरून फसवणूक झाली आणि ते अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाहीत. तेव्हा सुरुवात कोणत्या क्रमाने करावी, काय ठेवावे आणि काय काढून टाकावे, हे जाणकारांनी समजावून सांगावे. उत्तर लांब झाले तरी चालेल. मी वहीत उतरवून घेणार आहे.

उत्तर : बँकेतून निवृत्त, धंतोली

ताई, नमस्कार. आपण विचारलेल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते. बहुतेक लोक 'चांगली ॲप्स कोणती?' असे विचारतात आणि मग कोणाच्या तरी यादीतली वीस ॲप्स फोनमध्ये घालून बसतात. आपण मात्र आधी कामे सांगितली आहेत, आणि ॲप निवडायचे ते कामावरूनच. ज्या ॲपसमोर आपल्या वहीत एखादे काम लिहिता येत नाही, ते फोनमध्ये असण्याचे कारण नाही. आमच्या इमारतीतील ज्येष्ठांना फोन शिकवताना मी पहिल्या दिवशी एकही ॲप घालू देत नाही. आधी घराला कुलूप लावायचे, मग सामान आणायचे.

हे कुलूप म्हणजे स्क्रीन लॉक. चार आकड्यांऐवजी सहा आकड्यांचा पिन ठेवा आणि त्यात जन्मवर्ष किंवा घरक्रमांक घालू नका. बोटाचा ठसाही नोंदवा. वयोमानाने ठसे पुसट झालेले असले तर फोन वारंवार नकार देतो. अशा वेळी तोच अंगठा दोनदा, थोड्या वेगळ्या कोनातून नोंदवला की अडचण बरीच कमी होते.

दुसरी गोष्ट गूगल खात्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची असूनही सर्वांत दुर्लक्षित राहते. मुलाने घाईत फोन सुरू करून दिला असेल तर त्यात बहुधा त्याचेच खाते असते. म्हणजे आपले फोटो, संपर्क आणि बॅकअप त्याच्या खात्यात जात राहतात आणि पासवर्ड विसरला की तो परत मिळवण्याचा संदेशही त्यालाच जातो. फोन आपला असेल तर खातेही आपल्या नावाचे आणि आपल्या नंबरला जोडलेले असावे. गूगल खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि आपल्या वापराला ती दीर्घकाळ पुरेल. पासवर्ड फोनमध्ये लिहून ठेवू नका. वहीत लिहा आणि ती वही कपाटात ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे *#०६# हे डायल केल्यावर स्क्रीनवर दिसणारा पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक. फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर असे दोन क्रमांक दिसतात. दोन्ही उतरवून घ्या. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावरून तो बंद करता येतो, आणि त्यासाठी हाच क्रमांक लागतो. आपल्या नावावर एकूण किती सिम कार्डे चालू आहेत, हेही तेथे पाहता येते. ते एकदा अवश्य पाहा.

चौथी गोष्ट थोडी जपून करायची आहे. सिमला स्वतःचा वेगळा पिन लावता येतो. फोन कितीही घट्ट कुलूपबंद असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारे गुप्त आकडे, तेथे मिळवतो. सिमचा पिन असला की हा मार्ग बंद होतो. मात्र हा पिन तीनदा चुकला की सिम अडकते आणि कंपनीकडून पीयूके नावाचा आकडा घ्यावा लागतो. तो दहादा चुकला तर सिम कायमचे निकामी होते. म्हणून हे काम मुलगा पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याला शेजारी बसवून करा.

आता भाच्याने घातलेल्या ॲप्सविषयी. मन घट्ट करून, आपल्या कामात न बसणारे प्रत्येक ॲप काढा. चित्रावर बोट दाबून धरले की ते काढून टाकण्याचा पर्याय येतो. काही ॲप्स कंपनीनेच घातलेली असतात व निघत नाहीत. ती सेटिंगमध्ये जाऊन निदान बंद करता येतात. परवानगीच्या बाबतीत स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मी या ॲपकडून जे काम करून घेणार आहे, त्यासाठी याला हे खरोखर लागते का? व्हिडिओवर बोलायचे तर कॅमेरा आणि माइक लागणारच. पण टॉर्चच्या ॲपला आपले संपर्क कशाला हवेत, किंवा पंचांगाच्या ॲपला आपले एसएमएस कशाला वाचायचे आहेत? कर्ज देणाऱ्या ॲप्सनी ग्राहकाच्या फोनमधील संपर्क, फोटो व कॉलची नोंद घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. तरीही कोणी मागत असेल तर ते ॲप त्याच क्षणी काढावे. सर्वांत धोकादायक परवानगी 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची असते. ती दृष्टिहीन व अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी आहे, परंतु ती मिळालेले ॲप आपली स्क्रीन वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. अनोळखी ॲपला ती कधीही देऊ नये.

आपल्या कामांपुरते सांगायचे तर व्हॉट्सॲप, महावितरणचे ॲप, नागपूर मेट्रोचे ॲप आणि पैसे देण्यासाठी एक यूपीआय ॲप, म्हणजे बँक खात्यातून मोबाइलवरून थेट पैसे देण्याचे ॲप, एवढ्यावर सुरुवात होते. व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करून सहा आकड्यांचा पिन ठेवा, म्हणजे नोंदणीचा ओटीपी चुकून कोणाला कळला तरी तेवढ्यावर आपले खाते त्याच्या फोनवर सुरू होणार नाही. महावितरणच्या ॲपमध्ये बिलावरील बारा आकड्यांचा ग्राहक क्रमांक एकदा नोंदवला की दर महिन्याचे बिल तेथेच दिसते. 'आज रात्री आपली वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असा संदेश आला तर घाबरू नका; ॲप उघडून बिल भरलेले आहे की नाही ते पाहा आणि संदेश पुसून टाका.

यूपीआयसाठी भीम हे ॲप घेतलेत तरी चालेल. ते डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाले, राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तयार केले आहे आणि मराठीतही चालते. आपले पेन्शनचे खाते त्याला जोडायला माझ्या मते हरकत नाही. एक नियम मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहा : यूपीआयचा पिन फक्त पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीही लागत नाही. 'तुम्हाला पैसे पाठवतो आहे, पिन टाका' असे म्हणणारा मनुष्य आपले पैसे नेत असतो.

हयातीच्या दाखल्याचे स्वतंत्रपणे सांगतो, कारण तेथे अनेक जण अडतात. जीवन प्रमाण ही सोय २०१४ पासून आहे आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. त्यासाठी दोन ॲप्स लागतात : एक 'आधार फेस आरडी' आणि दुसरे 'जीवन प्रमाण'. पहिले ॲप उघडून पाहिल्यावर त्यात काहीच दिसत नाही, ते आतल्या आत काम करते. म्हणून बिघडले आहे असे समजून काढून टाकू नका. दुसऱ्या ॲपमध्ये सुरुवातीला 'ऑपरेटर'ची ओळख मागतात. हा ऑपरेटर कोण, या विचाराने लोक थांबतात. तो दुसरा कोणी असण्याची गरज नाही, आपणच आपल्या ऑपरेटर होऊ शकता. आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरील) आणि पेन्शनच्या खात्याचा क्रमांक जवळ ठेवा, चेहऱ्यावर समोरून उजेड पडेल असे खिडकीकडे तोंड करून बसा आणि सूचना आली की डोळे मिचकावा. दाखला तयार झाल्याचा एसएमएस येतो. वय ८० च्या पुढे असेल तर केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

उत्तर : मानेवाडा येथून

धंतोलीच्या काकांनी सविस्तर लिहिले आहे, पण एका बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही. पेन्शनचे खाते यूपीआयला जोडू नये, असे मी अनुभवाने सांगते.

माझ्या मोठ्या दिरांना व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके नावाची फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेले एक ॲप. त्यांनी ती उघडली आणि विचारलेल्या दोन-तीन परवानग्या दिल्या. त्या ॲपने त्यांचे एसएमएस परस्पर दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली आणि आयुष्यभराची शिल्लक असलेल्या खात्यातून एका रात्रीत ४८,००० रुपये गेले. ज्यांच्या नंबरवरून पत्रिका आली, त्यांचाही फोन तसाच ताब्यात गेलेला होता. सकाळी लक्षात आल्याबरोबर आम्ही १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली आणि बरेच खेटे घातल्यानंतर परत मिळाली, बाकीची गेली ती गेलीच. रात्रीच कळले असते तर कदाचित अधिक वाचले असते. हा क्रमांक कागदावर लिहून भिंतीवर लावावा, कारण अशा वेळी फोनमध्ये शोधण्याइतके चित्त स्थिर राहत नाही.

म्हणून ताई, रोजच्या व्यवहारांसाठी वेगळे लहान खाते ठेवा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. आपण टपाल खात्यातल्या आहात, तेव्हा इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक आपल्याला परकी नाही. या प्रकारच्या बँकेत दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवताच येत नाही आणि यूपीआय चालते. मोठी रक्कम ज्या खात्यात आहे, ते खाते फोनपासून दूर राहिलेलेच बरे.

आणखी एक. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करणे' अशी एक जागा आहे. तेथे व्हॉट्सॲप, ब्राउझर अशी नावे दिसतील. प्रत्येकासमोर 'परवानगी नाही' असेच असू द्या. आमच्याकडे ते आधी कोणी पाहिले असते तर ती फाइल उघडलीच नसती.

उत्तर : बँकेतून निवृत्त, धंतोली

आपले म्हणणे मला पटते आणि मी माझा सल्ला बदलतो. मी खात्याच्या सोयीचा विचार केला, पण फोनच ताब्यात गेला तर पिनचा नियम पाळणाराही सुरक्षित राहत नाही, हे आपण योग्य दाखवून दिले आहे. वेगळे खातेच असावे.

बँकेच्या बाजूने एवढी भर घालतो की रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच असते. म्हणून १९३० वर फोन केल्यानंतर बँकेलाही लगेच कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहिलेले अनेक सज्जन मी पाहिले आहेत. तेच दोन दिवस सर्वांत महागात पडतात.

उत्तर : मुद्रितशोधक, प्रतापनगर

मराठी लिहिण्याविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. फोनमध्ये जीबोर्ड हा कीबोर्ड बहुधा असतोच. नसेल तर प्ले स्टोअरवर मिळतो. त्याच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडताना दोन प्रकार दिसतात : एकात देवनागरी अक्षरांच्या कळा असतात, तर दुसऱ्यात रोमन अक्षरांत लिहिले की मराठी शब्द समोर येतो. तरुण मंडळी दुसरा प्रकार सुचवतील, पण मी आपल्याला पहिलाच सुचवते. आपले अक्षरज्ञान मराठीतले आहे, मग मधे इंग्रजी स्पेलिंगचा अडसर कशाला? 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांतला फरक त्यात आपल्या हातात राहतो. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' अशा शब्दांतले अर्धे 'ऱ' लिहिण्यासाठी आधी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ', मग हलन्ताची (पाय मोडण्याची) खूण आणि मग पुढचे अक्षर असा क्रम ठेवावा. एखादी कळ दाबून धरली की तिच्या जवळची अक्षरे वर दिसतात. त्यांत हवे ते सापडते. आठवडाभर हळूहळू लिहावे लागेल, नंतर बोट आपोआप वळते.

लांब मजकूर असेल तर कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोला. स्पष्ट आणि सलग बोलले तर तो पुष्कळ शुद्ध लिहितो. विरामचिन्हे आणि विशेषनामे मात्र तपासावी लागतात. पाठवण्यापूर्वी एकदा वाचून पाहण्याची सवय ठेवा. अक्षर लहान वाटत असेल तर 'डिस्प्ले'मध्ये अक्षराचा आकार वाढवा. डोळे ताणत वाचणारे लोक नेमके महत्त्वाचे वाक्य सोडून 'ठीक आहे' दाबतात.

उत्तर : मोबाइल दुरुस्ती करणारा, सीताबर्डी

माझा मुद्दा ॲपचा नाही, फोनचा आहे, परंतु नागपुरात तो सांगणे आवश्यक आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, माझ्याकडे बॅटरी फुगलेले फोन येऊ लागतात. फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीला सर्वांत मोठा शत्रू उष्णता आहे. उन्हाळ्यात दुपारी चार्जिंगला लावून त्याच वेळी व्हिडिओवर बोलू नका, चार्जिंग करताना जाड कव्हर काढा, उशीखाली ठेवू नका आणि गाडीच्या पुढच्या काचेमागे तर क्षणभरही ठेवू नका. शक्यतो सकाळी लवकर चार्ज करावा. शंभर टक्के भरण्याचा आग्रह धरू नये, ८० टक्क्यांच्या आसपास काढला तरी चालतो. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणारे लोक येतात. त्याने आत पाणी धरते आणि फोन जातो. सावलीत, पंख्याखाली ठेवावा. कूलरच्या अगदी समोर नको, कारण ती हवा दमट असते.

याच कारणासाठी हवामान खात्याचे 'मौसम' हे ॲप ठेवावे असे मी म्हणेन. हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे आणि उष्णतेच्या लाटेचा इशारा त्यात आधी मिळतो. आमचे शेत काटोलकडे आहे, तेथे वडील 'दामिनी' वापरतात. ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केले आहे आणि आसपासच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडण्याचा धोका असेल तर सावध करते. शेतात, झाडाखाली काम करणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये दुसरे काही नसले तरी चालेल, पण हे हवे. मेट्रोने बहिणीकडे जाणाऱ्या ताईंना ते कदाचित लागणार नाही. गावाकडे कोणी असेल तर त्यांना अवश्य सांगावे.

आणि रोज सकाळी येणारी शुभेच्छांची चित्रे आपोआप डाउनलोड होणे व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये बंद करा. 'फोन हळू चालतो' म्हणून आलेल्या फोनांपैकी पुष्कळांचा आजार एवढाच असतो.

प्रश्नकर्त्या, महाल

सर्वांचे मनापासून आभार. मी चार दिवस वहीप्रमाणे काम केले. भाच्याची बावीस ॲप्स काढली. त्याला आधी फोन करून सांगितले, त्यामुळे तो रागावला नाही. अनोळखी ॲप्सच्या जागी व्हॉट्सॲपसमोर परवानगी दिलेली होती, ती बंद केली आणि मानेवाड्याच्या ताईंची आठवण झाली. काल मेट्रोच्या ॲपवरून तिकीट काढून चितार ओळ चौकातून सुभाषनगरला गेले. दोन्ही स्थानके एकाच मार्गावर असल्यामुळे सीताबर्डीला गाडी बदलावी लागत नाही. फाटकावर क्यूआर कोड दाखवला आणि फाटक उघडले, तेव्हा बहिणीला तेथूनच फोन केला. हा मजकूरही देवनागरी कळांवर लिहिला आहे; पाऊण तास लागला.

वेगळ्या खात्यासाठी सोमवारी टपाल कार्यालयात जाणार आहे. एक शंका उरली आहे. काकांनी म्हटल्याप्रमाणे फोनमध्ये खरोखरच मुलाचे गूगल खाते निघाले. ते काढून माझे घालताना नातीचे फोटो आणि साठवलेले नंबर जातील का?

उत्तर : बँकेतून निवृत्त, धंतोली

क्रम सांभाळला तर काही जाणार नाही. आधी मुलाचे खाते तसेच ठेवून आपले खाते त्यात जोडा. एका फोनमध्ये दोन खाती राहू शकतात. मग संपर्कांच्या ॲपमध्ये एकेक नंबर कोणत्या खात्यात साठवला आहे ते पाहा. मुलाच्या खात्यातले नंबर आपल्या खात्यात हलवा, कारण त्याचे खाते फोनमधून काढताच तेथे साठवलेले नंबर या फोनवरून दिसेनासे होतात. फोटोंच्या ॲपमध्ये वर उजवीकडे खात्याचे चिन्ह असते, तेथे आपले खाते निवडून बॅकअप सुरू करा आणि तो पूर्ण झाल्याचे दिसेपर्यंत थांबा. वायफाय नसेल तर यासाठी एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी चार-पाच नंबर आणि नातीचे काही फोटो आपल्या खात्यात दिसतात का ते तपासून मगच मुलाचे खाते काढा. फोनमधून खाते काढल्याने ते खाते नष्ट होत नाही, त्याच्याकडे ते जसेच्या तसे राहते; तरीही काढण्यापूर्वी त्याला कळवा. आणि त्या काळात फोन 'रीसेट' मात्र करू नका, कारण रीसेट केलेला फोन पुन्हा सुरू होताना जुन्या खात्याचाच पासवर्ड मागू शकतो आणि तो माहीत असलेला मुलगा पुण्यात आहे.